कपडेपटाच्या दोन पेट्या

मी, गोजाबाई बाबूराव काळभोर, वय ४५, धंदा नाटकात काम, राहणार चिंचवड गावठाण, हे माझ्या हाताने लिहिते. डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, मला देतही नाही. येत्या गुरुवारी छातीतल्या गाठीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. मी काळजी करत नाही, व्यवस्था करते. शाळा चौथीपर्यंत, शुद्धलेखन बालवाडीच्या कुसुमताईंनी बघितले, मजकुरात हात घालू दिला नाही.

१. राहती खोली भांड्याकुंड्यांसह गुलशन अकबर शेख हिला. सात वर्षे माझ्याबरोबर नाटकात काम करते. कालवणात मीठ कमी पडले तर तोंडावर सांगते.

२. सख्खा भाऊ आबाजी यास काही नाही. मी नाटकात गेले तेव्हा त्याने दाराला आतून कडी लावली. जमीन कारखान्याला जाताना बहिणीची सही लागली, तेव्हा टांगा घेऊन आला. सही दिली. तेवढे पुरे.

३. कपडेपट. दीपमाळ नाट्यमंडळ हे आकुर्डीच्या कारखान्यातल्या माणसांचे. दर साली कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरते. पुरुष सगळे शिफ्टवाले. बाई तेवढी बाहेरून, नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे पैसे घेऊन. १९६२ पासून ती बाई मी आणि नायक मारुतराव. शालू, टोप, खोटे दागिने, रंगाचा डबा, मखमली पडदा असे दोन पेट्या भरून सामान आहे. ते माझे. मंडळ नुसते वापरते.

बहात्तर साली परीक्षकांनी शेरा दिला : नायिकेचे वय लपत नाही, नायकाच्या कामाला मुरलेपण आले आहे. मारुतराव माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. पुढच्या नाटकात मी त्यांची आई.

तालमीत म्हणाले, "बाई, आईच्या कामात वजन हाय."

मी म्हणाले, "मग तुम्ही बापाचं घ्या."

"लोकांना मी हिरोच लागतो, त्याला काय करू?"

सगळे हसले. मीही हसले, कारण तालीम पुढे न्यायची होती.

आईचे काम हलके नाही. दोनदा बक्षीस आणले. मारुतराव वाक्य विसरले की आईच्या मायेने जवळ जाऊन कानात सांगायचे, तेही मीच. त्यांच्यावर राग नाही. कामाला बरे आहेत, पाठांतर कच्चे.

तेव्हा नायिका म्हणून गुलशन आली, एकोणीस वर्षांची. आता सव्वीस. गेल्या महिन्यात मारुतराव तिला म्हणाले, "पोरी, अंगानं भरलीस. पुढच्या साली वहिनीचं काम घे." ती घरी येऊन भांडी घासत बसली. म्हणून पुढील अट.

दोन्ही पेट्या मंडळाने फुकट वापराव्यात. मात्र मारुतराव नायक असतील तोवर नायिका गुलशन. स्वतः नायक राहून त्यांनी तिला वहिनी, मावशी किंवा आई केले, तर त्या दिवसापासून पेट्या गुलशनच्या. मंडळाने मग तिच्याकडून भाड्याने न्याव्यात. तिने दिल्या तर. मारुतरावांनी बापाचे काम घेतले तर तिने खुशाल आईचे घ्यावे.

४. मंडळ फोटो लावणारच. बासष्टचा नको. आत्ताचा, पिकल्या केसांचा लावावा. शोकसभेत मी कशी दिसत होते हे कोणी बोलू नये. काम कसे करत होते ते बोलावे. जमत नसेल तर चहा पिऊन घरी जावे.

हे माझे शेवटचे म्हणणे. ऑपरेशनमधून उठले तर मीच येऊन बदलीन, दुसऱ्या कोणी बदलू नये.

ठिकाण चिंचवड, रविवार, १४ ऑक्टोबर १९७९.

सही : गोजाबाई बाबूराव काळभोर

साक्षीदार १ : कुसुम दत्तात्रय गोखले, वय ५३, बालवाडी शिक्षिका.

साक्षीदार २ यांना आधी वाचा म्हटले. चष्मा घरी राहिला म्हणाले. चष्मा लावलेला मी कधी पाहिला नाही. वाचून दाखवते म्हटले, तर "बाई, इस्वास हाय. सही कुठं करू ते सांगा." वयाच्या जागी त्यांनी ३९ लिहिले. मी म्हणाले, "मारुतराव, पहिल्या नाटकाला तुमचा थोरला शाळेतून डबा घेऊन यायचा. हा कोर्टाचा कागद आहे." कुसुमताईंनी पेन पुन्हा पुढे केले. मारुतरावांनी खोडले. खाडाखोडीवर सही घेतली आहे.

साक्षीदार २ : मारुतराव चिमाजी वाघेरे, फिटर, वय <s>३९</s> ४९.