दादानं बँकॉकहून आणलेला बुद्ध

ब्रह्मपुरी, बुद्धपौर्णिमेची आदली संध्याकाळ, २००३

दादा-वहिनी बँकॉक फिरून आज घरी आले. मायनं त्यांना एकच गोष्ट सांगितली होती, तिकडून बुद्धाची मूर्ती आणा. उद्या वंदनेला मोहल्ल्यातल्या बाया ती मूर्ती बघायला येणार. मायनं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

दादानं पिशवीतून काढलं ते नुसतं डोकं. मान खाली सपाट कापलेली.

मायनं विचारलं, "बाकीचा कुठी आहे, बाबू?"

"पूर्ण मूर्ती भारी महाग होती माय. आजकाल लोक असंच ठेवून राह्यले शोकेसात."

वर वहिनी हौसेनं सांगत बसली, भाव कसा पाडला, दुकानदार कसा रडकुंडीला आला. दादाच्या साहेबासाठी आणलेली दारूची बाटली मात्र अख्खी आहे. तिथं केली होती का घासाघीस?

उद्या बायांना काय दाखवायचं, ती सपाट मान?

माय आतून धुतलेला पांढरा कपडा घेऊन आली. मला वाटलं, आसन अंथरतेय. तिनं डोकं खाली ठेवलं अन् कपडा त्याच्या तोंडावरून ओढला. बाबा गेले तेव्हा ओढला होता, तसाच.