गुरूचे बारा चंद्र आणि दादाचा दहावा

ता. ४ फेब्रु. १९५३, बारामती
दादाचे सावडणे उरकले. वालचंदनगरहून मला यायला उशीर झाला होता. तोवर अग्नी सोपानने दिला. आईबाप गेलेले मेंढपाळाचे हे पोर दादाने रांगते असताना घरी आणले. आता एस. टी. डेपोत मेकॅनिक आहे. दादा-वहिनींना दुसरे मूल नाही.
जळोचीचे आबा, भावकीत सगळ्यांत थोरले, घाटावर काही बोलले नाहीत. घरी बोलले. "घाईत झालं ते झालं. दहाव्याला वस्तऱ्याखाली तू बसायचं. तेराव्याला वारसाचं पागोटं बी तुज्याच डोक्याला."
मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

ता. ५
दादा त्याच्या शाळेत मुलांपुढे गुरू ग्रहाच्या चंद्रांवर बोलणार होता. मी ड्राफ्ट्समन, तक्ता काढायचे माझ्याकडे होते. हेडमास्तर म्हणतात, शोकसभेला तोच लावू.
बारा चंद्र. आकडे सापडल्याच्या क्रमाने पडलेले, तसे मांडून काहीच उमगत नाही. पाचवा सगळ्यांत जवळ, मग एक ते चार. हे एक घर. सहा, सात, दहा बरेच लांब, पण तिघांची फेरी साधारण सारखीच, आठ-साडेआठ महिन्यांची. कक्षेचा कलही जवळपास तोच. भावंडेच.
हात चालू असला की बरे वाटते.

ता. ७
राहिले आठ, नऊ, अकरा, बारा. फार दूर, आणि चौघेही उलट दिशेने फिरणारे. दादाने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे, 'बहुधा बाहेरून आलेले, गुरूने धरून ठेवलेले.' हेडमास्तर म्हणाले, 'बहुधा' नको, मुले गोंधळतात. जागाही कमी होती. शाईने मथळे केले : घरचे. मधले. बाहेरचे.

ता. ८
शोकसभा. आबा तक्त्यापुढे बराच वेळ उभे. परतताना सगळ्यांदेखत म्हणाले, "तुज्या भावानं आभाळात बी बाहेरचे येगळे काढल्यात. मग घरातच का न्हाय?"
सोपान दोन पावलांवर होता.
अंगणात हात धुताना मला म्हणाला, "काका, उलटं कोण फिरतंय ते कळलं आज." हसत म्हणाला. इंदापूरला बदली मागणार आहे. दहाव्याला ड्यूटी घेतो म्हणतो.
दिवेलागणीला गुरू डोक्यावर होता. पाहवला नाही.

ता. ९
शाळेत जाऊन 'बाहेरचे' या मथळ्याआधी 'बहुधा' घातले. शाई फुटली. हेडमास्तर नाराज. येताना आबांकडे गेलो, तक्त्यात चूक होती म्हणून सांगितले. ते म्हणाले, तक्ता पोरांसाठी, भावकीचं ठरल्यालं हाय. चहा घेऊन आलो. सोपानबद्दल बोलायचे ते तसेच राहिले.
वहिनीला कळले. ताट वाढता वाढता म्हणाली, "भावजी, तक्त्यावर नका लिहू. तोंडाने सांगा काय ते."


ता. १०
डेपोत गेलो. सो. बसखाली होता. वाकून सांगितले, उद्या घाटावर ये, वस्तऱ्याखाली पहिला तू बसायचे. अग्नी देणाराच आधी बसतो.
खालून म्हणाला, "आबास्नी इचारलं?"
"नाही."
"मग मला कशाला बोलिवता, चारचौघांत उठवायला?"
पाना चालूच होता.

ता. ११. दहावा
कऱ्हेच्या काठी. ऊन चढले तरी सो. नाही. आबा मला बस म्हणाले, न्हाव्याने पाणी घेतले. मी उभाच. भावकी कुजबुजू लागली.
मग तो आला, डेपोच्याच कपड्यांत. लांब उभा राहिला.
"वसंता, लोक बघत्यात. बस," आबा.
"तो बसेल," मी म्हणालो. मग मोठ्याने परत म्हणालो.
न्हावी वस्तरा धरून आबांकडे पाहत राहिला. सो. येऊन बसला. मान खाली घातली. आबा उठले, पायात जोडा सरकवला. त्यांच्यामागे बरेच जण. कोण कोण गेले ते मी पाहिले नाही. केस पडत होते तिकडे पाहत होतो.
पुढचे सगळे सो.ने केले. त्याच्यानंतर मी बसलो.
पागोट्याचे कापड आबांकडेच आहे. आणायला कोणी जायचे, ते देतील का, काही बोलणे नाही. सो.ने बदलीचा अर्ज दिला की नाही, तेही विचारले नाही.
वहिनी आत्ता विचारून गेली, तेराव्याला पाने किती मांडायची. म्हटले, सांगतो.