नवव्या गावाचा अंगठा

मी, सुमती कृष्णकांत देशकर, वय ७३, जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका, राहणार सिंदी मेघे, वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या मूत्रपिंडांबद्दल वाईट लिहून दिले आहे आणि डोक्याबद्दल चांगले. डोक्याचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान, आणि ते अकरा वर्षांपूर्वी गेले.

१. माझ्या स्वकष्टार्जित घराचा वरचा मजला आणि बँकेतली ठेव मुलगा मिहिर याला मिळावी. मिहिर, तू दर उन्हाळ्यात "आई, पुण्याला ये" म्हणत राहिलास आणि मी आले नाही. त्याचे कारण कलम पाचमध्ये आहे. रागावू नकोस. माझ्या बांगड्या नात वेदश्रीला द्याव्यात. तिने मोडून दुसरे काही केले तरी माझी हरकत नाही.

२. दीर प्रभाकरराव यांना माझी काळी छत्री द्यावी. आमच्या बायांनी गावोगाव पर्जन्यमापक बसवले, तेव्हा प्रभाकरराव भर पंगतीत म्हणाले होते, "बायांनी पाऊस मोजल्यानं आभाळ त्यायचं ऐकते का?" छत्रीची एक काडी मोडलेली आहे. ती दुरुस्त करून देऊ नये.

३. लोखंडी कपाटात नऊ गावांच्या पावसाच्या आणि उन्हाच्या वह्या आहेत. त्या माझ्या कपाटात असल्या तरी माझ्या नाहीत. हिंगणीच्या गंगाबाई जंगलू कुमरे यांच्या आहेत. मी हिंगणीच्या शाळेत शिकवत असताना त्या आपल्या मुलीला, रीनाला, सोडायला यायच्या आणि फळ्याकडे बघत दाराशी उभ्या राहायच्या. पुढे त्यांनीच बोर धरणाच्या बाजूची नऊ गावे एकत्र आणली. त्यातली चार गावे पाण्यावरून एकमेकांचे तोंड बघत नव्हती. एका प्रशिक्षणात साहेबांनी हवामान बदल म्हणजे काय ते तासभर समजावले. गंगाबाई म्हणाल्या, "साहेब, थे आमच्या तळपायाले तुमच्याआधी समजलं."

त्यांनी एक नियम घातला होता. सरकारकडे कागद जाईल तो नऊही गावांच्या महिला ग्रामसभांचे अंगठे पडल्यावरच. आणि जिला सही येते तिनेही अंगठाच लावायचा, म्हणजे कागदावर कोणी शिकलेली, कोणी अडाणी दिसत नाही. मी मास्तरीण, मला हे आवडले नव्हते. मी अंगठा लावत नसे. कागद लिहिणारी म्हणून खाली वेगळी सही करत असे.

४. बैठकीतला कूलर हिंगणीच्या अंगणवाडीत द्यावा. तो चांगला चालतो. तीन उन्हाळे मी तो लावलेला नाही.

५. हे कलम मालमत्तेचे नाही, तरी मृत्युपत्राचा भाग समजावे.

मे २०२२ मध्ये आमचा एक कागद तयार झाला. रोजगार हमीच्या कामावर अकरा ते चार या वेळात कोणालाही उन्हात उभे करू नये, सावली आणि पाणी असावे, अशी मागणी होती. आठ अंगठे पडले होते. नववे गाव देवकाबाईंचे; तिथल्या महिला ग्रामसभेचा अंगठा त्या लावत. त्यांची सभा त्या दिवशी दुपारी होती. गंगाबाईंनी सकाळी मला फोन केला. "बाई, लय ऊन आहे. उद्या पहाटी जाऊन आणला तं चालत नाई का?"

चालत होते. कागद द्यायला आणखी तीन दिवस होते. पण मी एका वार्ताहराला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ देऊन बसले होते. मी म्हटले, नाही, आजच हवा. नंतर दुपारी एकदा आठवण द्यायलाही फोन केला. तेव्हा मी कूलरसमोर बसले होते.

देवकाबाईंनी अंगठा दिला, ताक दिले, आणि म्हणाल्या, "ऊन उतरू दे, मंग जाजो." गंगाबाई म्हणाल्या, "बाई वाट पाहून राह्यली." दीड वाजता निघाल्या. कालव्याच्या रस्त्यावर पडल्या. संध्याकाळी गेल्या. ज्या वेळात कोणालाही उन्हात धाडू नये असे कागदावर लिहिले होते, त्याच वेळात मी त्यांना तो कागद आणायला लावला.

कागद त्यांच्या पिशवीत सुखरूप होता. मी तो दिला. बातमीत फोटो माझा आला. पुढच्या उन्हाळ्यापासून आमच्या नऊ गावांतल्या कामाच्या वेळा बदलल्या आणि माझा सत्कार झाला. शोकसभेत मी म्हणाले, "गंगाबाई कोणाचे ऐकत नसत." देवकाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि मला उघडे पाडले नाही. गंगाबाई माझे ऐकत होत्या. म्हणूनच गेल्या. मला याची लाज वाटते आणि ती कमी होत नाही.

६. घराचा खालचा मजला, वह्या आणि कपाट रीना जंगलू कुमरे हिला मिळावे. नऊ गावे आता तीच सांभाळते. मात्र कलम पाच तिला आधी वाचून दाखवावे, आणि मगच घ्यायचे की नाही ते तिने ठरवावे.

पुरवणी. माझ्या मागे हे दुसऱ्या कोणी वाचून दाखवावे, हाही पळपुटेपणा झाला, असे वाटून आज मी रीनाला बोलावून स्वतःच वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाई, तुमी दुपारचा एक फोन लिवला. सहा होते. आईच्या मोबाइलवर मी तवाच पाह्यले. पाच तिनं उचलले."

मी विचारले, "मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कधी सांगता, थे पाहून राह्यली होती."

कलम पाचमध्ये एकच्या जागी सहा वाचावे.

साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, असे वकिलांनी मला रीनासमोरच सांगितले होते. तरी ती म्हणाली, "मले मजला नको. मी साक्षीदार होईन." म्हणून कलम सहा रद्द. खालचा मजला, वह्या आणि कपाट नऊ गावांच्या महिला संघटनेला जावे. तिने मला माफ केले का, हे मी विचारले नाही.

दुसऱ्या साक्षीदार म्हणून देवकाबाई हव्यात, असेही तीच म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. मी म्हटले, वकील पाचला जातात, देवकाबाईंना लगेच फोन कर, आजच उरकून टाकू.

रीनाने माझ्या हातातून पेन काढून घेतले. "उद्या सकाळी येतीन देवकाबाई. आमी उन्हात कोणाले बलावत नाई."

त्यामुळे खालची तारीख एक दिवसाने बदलली आहे. खाडाखोड माझीच आहे.

ठिकाण : सिंदी मेघे, वर्धा
दिनांक : १५ मे २०२५, सकाळी साडेसात

लिहून ठेवणार : सुमती कृष्णकांत देशकर (अंगठा)

साक्षीदार, ज्यांनी एकमेकींसमोर आणि माझ्यासमोर अंगठे केले :
१. देवकाबाई रूपराव मडावी (अंगठा)
२. रीना गंगाबाई कुमरे, बी.ए. (अंगठा)