तांड्यावर परत आलेला ढावलो

याडी, परवा तुझ्या नातीचं लग्न आहे आणि तिला ढावलो येत नाही. मलाही येत नाही. आपल्या बंजाऱ्यांत नवरी सासरी निघताना एकेका बाईच्या गळ्यात पडून गात गात रडते, आणि ते गाणं तिची याडी, आईच, तिला जवळ बसवून शिकवते. माझं लग्न ठरण्याआधीच तू गेलीस. मांडवात मी मुकी उभी राहिले, तेव्हा सासरच्या बायका म्हणाल्या, पोरीला माहेरची मायाच नाही. तो बोल अजून सलतो. आता लेकीची होणारी आजेसासू साखरपुड्यातच बजावून गेली, "ढावलो ऐकल्याबिगर आमी पोरगी न्हेणार न्हाई." तांड्यावर कुणाला विचारू? तुझ्या वयाच्या साऱ्या जणी गेल्या, आणि तरण्या बायकांच्या लग्नात बँड वाजला. बीडच्या शाळेत मराठी शिकवता शिकवता माझी गोरमाटी बोली कानापुरतीच उरली. लेकीला तर ती समजतही नाही. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी मी तुलाच लिहायला बसले आहे, यावरून ओळख माझी काय गत झाली असेल.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका संस्थेतली मुलगी तांड्यावर आली. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवून ज्याच्या त्याला परत करतोय, म्हणाली, आणि तिनं माझ्या हातात सीडी ठेवली. मला तो दिवस आठवला. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, आणि टेप घेऊन आलेले साहेब म्हणतात, मुलीला जवळ घेऊन ढावलो म्हणा. तू परात बाजूला सारून कडाडलीस, "लगीन न्हाई, काई न्हाई, जित्या पोरीला कावून रडून काढू घरातून? लई अपशकुन हाय त्यो!" आणि मला पाण्याला पिटाळलंस. मी परत आले तर गाणं संपलेलं, साहेब खूश, आणि बायका पदरात तोंड घालून हसतायत. का हसतायत, ते मला कुणी सांगितलं नाही.

ते आता कळलं. वडवणीच्या कॉम्प्युटर क्लासात सीडी लावली आणि तुझा आवाज आला, अगदी खोकल्यासकट. मी हुंदका आवरते आहे तोच शब्द कानात शिरले. लाडके, परक्या दावणीला तुला बाभळीच्या शेंगा कोण घालील, तुझी शिंगं कोण कुरवाळील? शिंगं! याडी, तू बकरीच्या गळ्यात पडून गायली होतीस. साहेबांना गोरमाटी कुठली येतेय, त्यांनी मान डोलावली असेल. हसावं की रडावं? चुकूनसुद्धा माझं नाव येऊ दिलं नाहीस, इतकं जपलंस मला. पण आता माझ्या लेकीनं काय म्हणायचं गं? वरपक्षाच्या साऱ्या बायकांना गोरमाटी येते. तिचं हसं होईल, आणि तेही माझ्यादेखत. मी शब्द बदलून बघते, ते सुरात बसत नाहीत. लिहिते, फाडते, पुन्हा सीडी ऐकते. माझ्या तोंडचं पाणी पळालंय. एक ओळ तरी खरी ठेवून जायची होतीस.

लेक मात्र ऐकून ऐकून शिकली. आजीनं आपल्यासाठीच गायलंय असं तिला वाटतं. काल भांडी घासता घासता उठली आणि "आई, बघ जमतंय का," म्हणत ओल्या हातांनी माझ्या गळ्यात पडली. सूर हुबेहूब तुझा, श्वास तुटतो तोही तुझ्याच जागी. शब्द शिंगांचेच. म्हणता म्हणता ती खरंच रडायला लागली. तिथंच थांबवून तिला सांगायला हवं होतं. अजून सांगितलेलं नाही. तुझ्या सुरात माझ्या गळ्यात पडून कुणीतरी पहिल्यांदाच रडत होतं, आणि मला ते संपायला नको होतं.