जित्या मायची मावशी

आकाश,

कांदा चिरून झाकून ठिवलाय, पोहे तू भिजीव. वरच्या खोलीतल्या बारक्या पोराला तिखट चालत न्हाई.

मी कारवारला चालले. बेडशातल्या आपल्या होमस्टेवानी तितंबी समुद्राकाठच्या घरात खोली देत्यात, सकाळचा नाष्टा धरून. आयता नाष्टा खाऊन बघते जरा. लोणावळ्याहून तुजी मावशी संगं येतीय. खरी मावशी.

पाहुणे मला मावशी म्हणत्यात, त्याचं मला काय न्हाई. पण काल त्या वरच्या खोलीतल्या बाईनं तुला इचारलं, "ये आपकी मम्मी हैं?" आन् तू म्हणालास, "नहीं नहीं, मौसी हैं, नाश्ता बनाती हैं." मी मागं चादरी वाळत घालीत होते. तुला वाटलं, आईला कुटं हिंदी कळतंय. आरं, इतकी वर्सं तुज्या पाहुण्यांना चहा देतीय, तेवढी हिंदी यायला लागली.

लाज कशाची वाटली, ते इचारत न्हाई. माय मरो पण मावशी जगो म्हणत्यात. तू तर जित्या मायचीच मावशी केलीस.

कारवारात म्हणं कोकणी बोलत्यात आन् कानडी. मला दोन्हीतलं ओ का ठो कळत न्हाई. बरंच हाय. कुणी मला काय म्हणलं, ते कळायचं तरी न्हाई.

चिठ्ठी वाचली की लगेच फाडून टाक. खाली नातं लिवलंय. पाहुण्यांनी वाचलं तर तुजी पंचाईत व्हईल.

तुजी आई