नजर एकदम क्लिअर

३ जानेवारी
काळीपिवळीचा डावा आरसा पुन्हा तुटला. अनसिंग रोडला कोणीतरी खांब अगदी कडेला गाडलाय. इतकी वर्षं वाशीम–अनसिंग पॅसेंजर मारतोय, आधी तो तिथं नव्हता. नव्या वर्षाचा संकल्प: चिडायचं नाही.

९ जानेवारी
चिडलो. बायको, भागिरथा, दारातच बादली ठेवते आणि पाय लागला की मलाच बोलते. "तुमाले दिसत नाही काय?" म्हणे. लांबून एसटीची पाटी वाचतो मी! नर्सिंगवाल्या पोरीनं, पल्लवीनं, तेवढंच धरलं आणि वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावला. जाईन. तोंडं बंद होतील.

१५ जानेवारी
अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. विषय संपायला हवा होता. डॉक्टरांनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं, आत लाईट मारला. काचबिंदूचा संशय म्हणाले. यात समोरचं चांगलं दिसत राहतं, कडेचं आधी जातं आणि माणसाला पत्ता लागत नाही. माझी नजर, आणि पत्ता मलाच नाही! उद्या फील्ड टेस्ट. जेवण गेलं नाही. वांगं कच्चं होतं.

१६ जानेवारी, दुपार
टेस्ट सोपी. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आजूबाजूला लाईट चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकेना. मशीन स्लो असावी. शेवटी ठेका धरून दाबत गेलो. पास नक्की.

सायंकाळ
रिपोर्ट बाद. लाईट नसतानाही बटण दाबलं, असं मशीननं सांगितलं. चुगलखोर.  घरी पल्लवी एवढंच म्हणाली, "बाबा, मांगं मानसं बसतात न तुमच्या."

२० जानेवारी
पुन्हा टेस्ट. दिसलं तेव्हाच दाबलं. फार थोडं दाबलं.

डाव्या डोळ्याच्या कागदावर डावीकडचा आणि खालचा भाग काळा. शाई सांडली काय, विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. उजव्यात नुकती सुरुवात आहे. गेलेलं परत येत नाही. रोज ड्रॉप टाकले तर उरलेलं टिकेल. पॅसेंजर मात्र बंद.

येताना गाडी पल्लवीकडे. मी बाजूच्या सीटवर. मधेच तिनं करकचून ब्रेक मारला. मी ओरडलो, "काहून मारला? रस्ता तं खाली हाय!"

मग बोनेटसमोर म्हैस उगवली, मागं दोरी धरून एक म्हातारी.

दोघी केव्हाच्या चालत येत होत्या. माझ्याच बाजूनं.