आईची गोळी, आईचा नेम

३ फेब्रुवारी, सोमवार
अल्झायमर्स! बेळगावच्या डॉक्टरांनी आज आईच्या विसरण्याला नाव दिलं. बोरगावला परतताना माझा भाऊ, अण्णा, खचूनच गेला. मी नाही. नाव कळलं, आता बघतेच त्याच्याकडं!

रोज एक गोळी, रात्री झोपताना. आजार बरा होणार नाही, पण काही काळ विसरणं जरा आवरेल — कदाचित. कदाचित तर कदाचित!

४ फेब्रुवारी
झाली पंचाईत! अंधार पडल्यावर गोळी पुढं केली, तर आई कडाडली — "दिवस मावळल्यावर तोंडात काय घालत्यात व्हय गं? जैनाच्या घरात वाढलीस न्हवं?" सकाळी मलाच ‘तुम्ही कुणाच्या?’ असं विचारणारी बाई ही!

अण्णा म्हणाला, "फसवून दे. तिला काय कळतंय आता?" अरे, हेच तर कळतं! लहानपणापासूनचा नेम तिचा. तो मोडून औषध द्यायचं नाही, ठणकावून सांगितलं त्याला.

५ फेब्रुवारी
डॉक्टरांना फोन केला. दिवसा दिली तरी चालते म्हणे! संध्याकाळच्या जेवणाबरोबर, उजेडातच दिली. मुकाट्यानं घेतली. उगीच घाबरले.

१२ फेब्रुवारी, बुधवार
काल दुपारपासून उलट्या. आणि दिवस मावळला की पाण्याचा घोटही नाही! ओठ सुकले. हात जोडले, शेवटी थाप मारली — "आजाऱ्याला चालतं, महाराजांनीच सांगितलंय."
"कुठल्या महाराजांनी? नाव सांग की."
पकडली गेले मी! रात्र नुसती भीतीत गेली. उजाडल्यावर आधी पाणी पाजलं, मग डॉक्टरांना फोन. गोळी बंद.

१५ फेब्रुवारी
आता पट्टी! कातडीवर चिकटवायची, औषध हळूहळू आत जातं. पोटाला त्रास कमी. गिळायचं काहीच नाही, म्हणजे नेमही शाबूत. दंडावर लावली, तर सोलून खांबाला चिकटवली बाईनं! म्हणून पाठीवर लावते — रोज आंघोळीनंतर, जुनी काढून, जागा बदलून. तिथं हात पोचत नाही तिचा.

२ मार्च, रविवार
उलटी नाही. जेवण चांगलं. आज मला ‘अनू’ म्हणून हाक मारली! गरज पडली तर पुढं जोडीला दुसरं औषधही आहे, डॉक्टर म्हणाले. अण्णाला म्हटलं, बघितलंस? जमतंय. "लई हट्टी हायस तू," म्हणाला. आहेच.

१३ मार्च, गुरुवार
दिवे लागून बराच वेळ झाला होता. आई स्वयंपाकघरात आली. "भूक लागलीया गं. भाकरी दे."
"आई, दिवस मावळलाय."
"मग काय झालं?"
वाढलं. पोटभर जेवली. म्हणाली, "तू न्हाय जेवत? बस की."
बसले. तिच्यासमोर अंधार पडल्यावर घेतलेला माझा पहिला घास. रडू आवरलं नाही.